कर्ता कोण, कर्म कोण? : ‘सामाजिक उद्योजकते’च्या भाषेची एक तपासणी

१

गेल्या काही वर्षांत ‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, महाविद्यालयांतील व्याख्यानमाला, व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक्रम, मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल अशा सर्व ठिकाणी तो भेटतो. दारिद्र्य, बेकारी, हवामानबदल, प्लॅस्टिकचा कचरा हे साऱ्या जगापुढचे प्रश्न आहेत. एकटी सरकारे ते सोडवू शकत नाहीत, नुसत्या दानधर्मानेही ते सुटत नाहीत. म्हणून उद्योजकाची कल्पकता आणि समाजसेवकाची तळमळ एकत्र आणावी व स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या उद्योगातून समाजाचे भले करावे, असा या विचाराचा थोडक्यात आशय आहे. विचार वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. परंतु एखादा शब्द सरकार, कंपन्या, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे या सर्वांनाच एकाच वेळी आवडू लागला, म्हणजे तो नेमका कोणाच्या सोयीचा आहे हे तपासणे समीक्षकाचे काम ठरते.

या शब्दाचा इतिहास फार लांबचा नाही. अमेरिकेत बिल ड्रेटन यांनी १९८० साली ‘अशोका’ ही संस्था काढली आणि समाजात बदल घडविणाऱ्या कल्पक व्यक्ती हुडकून त्यांना पाठ्यवृत्ती देण्याचा उपक्रम सुरू केला. बांगलादेशात १९८३ साली ग्रामीण बँक रीतसर उभी राहिली; गरीब स्त्रियांना विनातारण लहान कर्जे देणाऱ्या या बँकेला आणि तिचे संस्थापक महंमद युनूस यांना २००६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठावयाची १७ उद्दिष्टे ठरविली, तेव्हापासून या शब्दाला अधिकच भाव आला. पण त्याच्या अगोदर, २०१० साली, शेजारच्या आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जाच्या वसुलीने गांजलेल्या माणसांच्या आत्महत्यांची वृत्ते आली आणि तेथील सरकारला वटहुकूम काढून वसुलीला आवर घालावा लागला, हेही विसरता येत नाही. गरिबाला उद्योजक करण्याच्या नावाखाली त्याला केवळ ऋणको करता येते, हा धडा त्या वर्षाने दिला.

मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही, मराठी शिकवतो. तेव्हा या विचाराचा ताळेबंद मांडण्याचा माझा अधिकार नाही. मात्र हा विचार ज्या लेखनातून मराठी वाचकापर्यंत पोहोचतो, ते लेखन तपासण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. त्या लेखनाला आपल्याकडे ‘यशोगाथा’ म्हणतात.

२

यशोगाथा हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला आहे. दहा यशोगाथा ओळीने वाचाव्यात, म्हणजे त्यांचा साचा ध्यानात येतो. प्रारंभी एक सुशिक्षित तरुण किंवा तरुणी असते. तिला एके दिवशी वस्तीतले, खेड्यातले किंवा कचराकुंडीजवळचे एक दृश्य दिसते आणि ती अस्वस्थ होते. चांगल्या पगाराची नोकरी ती सोडते. घरचे विरोध करतात. मग एक कल्पना सुचते, भांडवल मिळते, अडचणी येतात, त्यांवर मात होते. शेवटी आकडे येतात : इतक्या महिलांना रोजगार दिला, इतके टन प्लॅस्टिक वेचले, इतकी कुटुंबे उभी केली. त्यानंतर पुरस्काराचे छायाचित्र.

या गद्यातील वाक्यरचनेकडे पाहा. तिने महिलांना संघटित केले. त्याने वस्तीला दिशा दिली. त्यांनी कचरावेचकांच्या हातांना काम दिले. सर्व क्रियापदे एकाच माणसाला जोडलेली आहेत. वाक्याचा कर्ता संस्थापक आहे, आणि ज्यांच्या कष्टावर सारा डोलारा उभा आहे ती माणसे कर्म होऊन वाक्याच्या मध्यभागी गप्प बसली आहेत. त्यांना बहुधा नाव नसते, असलेच तर आडनाव नसते, आणि जात तर कधीच नसते. ‘हातांना काम दिले’ हे वाक्य तर विशेष बोलके आहे. ते हात पिढ्यान् पिढ्या कामच करीत आले होते. काम त्यांना कोणी दिले नाही. कामाचा मोबदला आणि मान त्यांना कोणी दिला नव्हता.

दलित आत्मकथनांनी मराठी गद्यात जी क्रांती केली ती नेमकी या वाक्यरचनेतच केली होती, असे माझे मत आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० साली लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’, १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’, पुढे २००३ साली ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहावयाचे, अशी माणसे या पुस्तकांत प्रथमच स्वतःच्या वाक्याचे कर्ते झाली. ही नुसती शीर्षके पाहिली तरी त्यांत कष्टाचे, व्यवस्थेने माथी मारलेल्या धंद्याचे आणि जातीचे शब्द दिसतात. बलुतं म्हणजे गावाची कामे करून मिळणारा हिस्सा, आयदान म्हणजे बांबूचे भांडे. या लेखकांनी आपले काम लपवले नाही, आणि त्याचा गौरवही केला नाही. काम कोणाचे, ते कोणी लादले आणि त्याचा लाभ कोणाला, हे तीन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. यशोगाथा हे तिन्ही प्रश्न टाळते. म्हणून तिच्यात दुःख असते पण शोषण नसते. दारिद्र्य असते पण दरिद्री कोणी केले हे नसते.

‘कचऱ्यातून सोने’ ही यशोगाथेची आवडती उपमा. ती वाचताना मला प्रत्येक वेळी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आठवते. खाणीतले काम बंद पडल्याने बेकार झालेला भीमा स्मशानातील राख चाळून मृतांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. टाकून दिलेल्यातून मूल्य निर्माण करणे हीच जर उद्योजकता, तर भीमा तिचा पहिला मानकरी ठरावा. त्याच्याजवळ कल्पकता आहे, धाडस आहे, जोखीम पत्करण्याची तयारी आहे. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेत उकरतो आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती बोटे तो कायमची गमावतो. आणि मग खाण पुन्हा सुरू होते. अण्णा भाऊंनी हे शेवटचे वळण योगायोग म्हणून घातलेले नाही. भीमाच्या अंगी गुण कमी नव्हते, त्याला काम नव्हते. आणि काम परत आले तेव्हा कामाचे हात उरले नव्हते. माणसाच्या धडपडीचे कौतुक करताना त्या धडपडीची पाळी त्याच्यावर का आली हे विसरू नये, एवढे भान या एका कथेत आहे. शेकडो यशोगाथांत ते सापडत नाही.

३

येथे कोणी म्हणेल की दलित साहित्यिकांना उद्योगाचेच वावडे आहे; नोकरी आणि राखीव जागा यांपलीकडे त्यांची नजर जात नाही. हा आरोप जुना आहे आणि खोटा आहे. त्याचे उत्तर पुण्याच्या मंडईतच मिळते.

आज जिला महात्मा फुले मंडई म्हणतात तिचे मूळ नाव रे मार्केट. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ही अष्टकोनी इमारत १८८६ साली सुरू झाली. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवरील प्रचंड खर्चाला त्यांनी विरोध केला. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे वळवावा ही त्यांची भूमिका होती. इमारत झालीच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचेच नाव दिले गेले. ज्याने खर्चाला नकार दिला त्याचे नाव खर्चाच्या वास्तूला लागले. नाव देणे सोपे असते. नकार कशासाठी होता हे सांगणे अवघड असते, म्हणून ते कोणी सांगत नाही.

पण हेच जोतीराव उद्योजकही होते, हे आपण किती वेळा सांगतो? ते बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाला माल पुरविण्याचे काम त्यांनी केले. त्या कामातूनच मजुरांची लूट आणि सरकारी बांधकामखात्यातील लाचलुचपत त्यांना जवळून दिसली आणि ती त्यांच्या लेखनात आली. धंद्यातून मिळालेला पैसा त्यांनी शाळांकडे आणि सत्यशोधक समाजाच्या कामाकडे वळविला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तेथे चहा घेऊ लागले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. अस्पृश्याच्या हातचा चहा राजाने भर रस्त्यावर पिणे हा त्या हॉटेलाचा खरा नफा होता. तेव्हा उद्योग आम्हाला परका नाही. फरक एवढाच, की फुले किंवा गंगाराम कांबळे यांचा उद्योग एका चळवळीच्या पोटातून आला. विषमतेविरुद्धच्या लढ्याचे ते एक साधन होते. लढ्याच्या जागी आणून ठेवलेला तो पर्याय नव्हता.

४

हीच परंपरा पुण्यात पुढे कशी चालली ते पाहू. बाबा आढावांच्या पुढाकाराने येथे हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला आणि पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला प्रथमच कायद्यात जागा मिळाली. १९७४ साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. नफा न मिळवता कष्टकऱ्याला पोटभर जेवण देणारे हे उपाहारगृह ‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द मराठीत येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. त्याला तेव्हा कोणी असे भारदस्त नाव दिले नाही. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. माझे वडील मंडईच्या आसपास हातगाडी ओढत. रोज पहाटे काम मिळेल की नाही याची खात्री नाही, दर स्वतः ठरवायचा, गाडी मोडली तर खर्च स्वतःचा, आजारी पडले तर त्या दिवशीची चूल बंद. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत उद्योजकाची जी लक्षणे दिलेली असतात त्यांतले जोखीम पत्करण्याचे लक्षण माझ्या वडिलांइतके फार थोड्यांत असेल. पण जग त्यांना हमाल म्हणत होते, आणि त्यांनाही त्यात कमीपणा वाटत नसे. ‘कष्टाची भाकर’मध्ये ताटावर बसताना आपण कोणाचे लाभार्थी आहोत असे त्यांना कधी वाटले नाही. ती भाकरी त्यांच्याच पंचायतीची होती.

याच वाटेवर १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बाबा आढाव आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने या कार्यकर्त्या तिच्या उभारणीत होत्या. सभासद बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यांतल्या कितीतरी घरांनी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून पुण्याची वाट धरली होती. पंचायत स्थापन होण्याच्या आधीची एक घटना येथे सांगण्याजोगी आहे. कोरेगाव पार्कच्या भागात एका खाजगी उद्योजकाने घरोघरचा कचरा गाडीने गोळा करण्याचा उद्योग काढला. परिसर स्वच्छ राहील, लोकांची सोय होईल. यशोगाथेला लागणारे सारे त्यात होते. पण त्या कचऱ्यावर ज्या बायकांचे पोट होते त्यांचे काय, हा प्रश्न त्या उद्योगाच्या हिशेबात नव्हता. बायकांनी विरोध केला आणि काम आपल्याकडे राखले. म्हणजे पुण्यातील कचरावेचक स्त्रियांच्या संघटनेच्या मुळाशी उद्योजकाची कल्पना नव्हती. उद्योजकाला दिलेला नकार होता.

पुढची पावले क्रमाने पाहावयास हवीत. प्रथम ओळखपत्र आले, कारण चोरीचा आळ आणि पोलिसांचा जाच ही रोजची गोष्ट होती. मग महापालिकेची मान्यता मिळाली. मग विमा, आणि मग मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी झगडा. हे सारे झाल्यावर, म्हणजे चौदा वर्षांनी, ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी करार केला. घरोघर जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घ्यावयाचा, घरटी ठरलेले मासिक शुल्क सभासदाने घ्यावयाचे आणि सुक्या कचऱ्यातून निघालेले भंगार विकून येणारा पैसाही तिचाच. ३,००० हून अधिक कचरावेचक आज या रचनेत काम करतात. त्या संस्थेच्या नोकर नाहीत, सभासद आहेत.

ज्या प्रश्नाला जग ‘जागतिक आव्हान’ म्हणते तो येथे पोत्यात मोजता येतो. या शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी टाकला गेला. तेथील लोकांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडविल्या. जो पुठ्ठा, जी बाटली, जी दूधपिशवी कचरावेचक वेगळी काढते, तेवढा भार त्या गावांवरून उतरतो आणि तेवढा कच्चा माल नव्याने वापरात येतो. खाऊच्या चकचकीत पुड्यांना मात्र भंगारात बहुधा भाव नसतो. त्या वेचल्या तर पाठीला ओझे, न वेचल्या तर नाल्यात. पुडी बनविणाऱ्याला नफा, विकणाऱ्याला नफा, खाणाऱ्याला चव, आणि तिची विल्हेवाट लावणारीला काहीच नाही, असा हा व्यवहार आहे.

मंडईच्या मागच्या बाजूला, जेथे भाजीचा पाला आणि फुटक्या पाट्या पडलेल्या असतात, तेथे भंगार निवडत बसलेल्या एका मावशींशी माझे अधूनमधून बोलणे होते. वडिलांच्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याकडे कोणी पाहुणे येऊन फोटो काढून गेले होते.

“काय विचारलं मावशी त्यांनी?”

“इचारलं, तुमचं सपान काय. म्या म्हनलं, बाई, पाच मजले चढून बकेटा खाली आणायच्या हायेत. लिफ्टीत आमाला घेत न्हाईत. सपान मागनं सांगते.”

“मग?”

“मग काय, हासल्या. म्हनल्या, तुमी लई खंबीर हात. खंबीर न्हवं मास्तर, गुडघं गेल्यात.”

पुण्यात ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द थट्टेने वापरतात. पण ‘खंबीर’ या एका विशेषणाची जी समीक्षा मावशींनी केली, ती मला आमच्या विद्यापीठात ऐकायला मिळाली नाही. कष्टाचे कौतुक करणारा शब्द कष्ट कमी करीत नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

५

लिफ्ट असलेल्या इमारतीत पायऱ्या चढणाऱ्या या बाईवरून मला दोन प्रतिमा आठवतात. एक बाबासाहेबांची. ‘मूकनायक’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली, प्रत्येक जात हा त्याचा एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही. दुसरी प्रतिमा व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात जगातले गरीब हे पिरॅमिडचा तळ आहेत आणि त्या तळाशी मोठे धन आहे असा विचार मांडला आहे. कंपन्यांनी गरिबांना दयेचा विषय न मानता ग्राहक व उद्योजक मानावे, ही त्यातील भूमिका दानधर्मापेक्षा निश्चितच पुढची आहे. परंतु दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवा. बाबासाहेबांच्या मनोऱ्यात प्रश्न आहे तो शिडीचा, म्हणजे रचनेचा. पिरॅमिडमध्ये प्रश्न उरतो तो तळाशी असलेल्या धनाचा. पिरॅमिड तसाच राहील, तळही तसाच राहील, फक्त तेथे बाजार पोहोचेल. मनोरा पाडावयाचा की तळमजल्यावर दुकान काढावयाचे, हा या दोन विचारांतला फरक आहे.

२००५ साली पुण्यातच मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन केली. दलिताने नोकरी मागू नये, नोकऱ्या देणारा व्हावे, ही तिची हाक आहे. तिच्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. भांडवल, कर्ज, बाजारातली ओळख या गोष्टी जातीने अडविलेल्या आहेत, आणि त्या मिळविणे हाही शिडी बांधण्याचाच एक भाग आहे. पण चार जण वरच्या मजल्यावर पोहोचले म्हणजे शिडी झाली असे नव्हे. चार जणांना दोराने वर ओढून घेता येते. शिडी सर्वांसाठी असते.

आता सर्वात कठीण आक्षेपाकडे वळतो. तो बाहेरच्यांचा नाही, आपल्यातलाच आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला काय सांगितले? घाणीची, लाचारीची कामे सोडा. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक आणले. मग त्यांच्याच लेकींना कचऱ्याच्या धंद्यात संघटित करणे, त्यांना गणवेश आणि हातमोजे देणे, म्हणजे जातीचाच धंदा नव्या कपड्यांत कायम करणे नव्हे काय? दलित साहित्याच्या वाचकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कचऱ्याच्या कामाला ‘हरित रोजगार’ म्हटल्याने त्याची जात जात नाही. शहरातल्या सर्व जातींची मुले जेव्हा हे काम मागण्यासाठी रांगेत उभी राहतील, तेव्हाच ते इतर कामांसारखे काम झाले असे म्हणता येईल. आज तशी रांग नाही.

तरीही या आक्षेपाने मी पंचायतीच्या कामाला नकार देऊ शकत नाही. बाबासाहेबांचा रोख ज्या व्यवस्थेवर होता तिचे लक्षण केवळ घाण हे नव्हते. वतनदार महाराला काम नाकारण्याचा हक्क नव्हता, दर ठरविण्याचा हक्क नव्हता आणि त्याच्या मुलाला त्यातून सुटका नव्हती. म्हणून कोणत्याही ‘सामाजिक’ उद्योगाला मी तीन कसोट्या लावतो. तेथील कष्टकऱ्याला पैसा हक्काने मिळतो की कृपेने? करारावर सही कोणाची, म्हणजे निर्णय कोण घेतो? आणि त्याची मुले त्याच कामावर येतात की त्यांच्यापुढे दुसरी वाट खुली होते? पहिल्या दोन कसोट्यांवर पुण्याचा हा प्रयोग बराचसा उतरतो. तिसरी अजून चालू आहे. ‘अस्वच्छ’ व्यवसायांतील पालकांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून पंचायत झगडली, याचे महत्त्व मला वाटते ते यासाठी. धंदा संघटित करणारी संघटना त्याच धंद्यातून पुढची पिढी बाहेर काढण्यासाठी भांडते, हे फार थोड्या उद्योगांविषयी सांगता येईल.

पहिल्या दोन कसोट्यांचे यशही पक्के नाही. ‘स्वच्छ’च्या सभासदांना महापालिका पगार देत नाही. नागरिकाने शुल्क नाकारले तर तो तोटा बाईचा. २०२० नंतर करार पुढे चालवायचा की काम कंत्राटदारांकडे द्यायचे यावर वाद झाला, आणि इतकी वर्षे शहर झाडूनपुसून ठेवणाऱ्या बायकांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. येथे शब्दाचा खरा डाव उघडा पडतो. मान देण्याची वेळ आली की कष्टकरी ‘लाभार्थी’ असतो, आणि मान संस्थापकाकडे जातो. हक्क देण्याची वेळ आली की तोच कष्टकरी एकाएकी ‘उद्योजक’ होतो, कारण उद्योजकाला पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी द्यावा लागत नाही. घरपोच माल पोहोचविणाऱ्या पोरांनाही आता कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात, ते याच हिशेबाने. एकाच माणसाला दोन नावे, आणि दोन्ही नावांत तोटा त्याचाच.

पुण्याच्या बायका यातून काही अंशी वाचल्या त्या एकाच कारणाने. त्यांची सहकारी संस्था संघटनेच्या पाठोपाठ आली. एका हाताने त्या सेवा देतात, दुसऱ्या हातात झेंडा आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहरातही असेच घडले. तेथील कचरावेचकांनी संघटित होऊन न्यायालयात लढा दिला. घटना-न्यायालयाच्या निर्णयांनंतर २०१३ पासून शहर त्यांना त्यांच्या कामाचे पैसे देऊ लागले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नेत्या नोहरा पाडिया यांना पर्यावरणाचे गोल्डमन पारितोषिक मिळाले. त्या स्वतः कचरा वेचणाऱ्या घरातल्या. पारितोषिकाच्या वाक्यात कर्ता आणि कष्टकरी एकच असू शकतात, हे एवढ्यावरून सिद्ध होते.

६

तेव्हा आपल्या लेखनापुढे, आणि विशेषतः समीक्षेपुढे, कोणते काम आहे? यशोगाथांवर बहिष्कार घालावा असे मी म्हणणार नाही. माझे विद्यार्थी त्या वाचतात, स्पर्धेच्या निबंधांत त्यांची नक्कल करतात. त्यांतले पुष्कळसे माझ्यासारख्याच घरांतले आहेत. ज्या बाईने घरोघरचा कचरा उचलून त्यांना शिकवले, तिच्याविषयी लिहिताना तेही ‘तिला रोजगार देण्यात आला’ असे लिहितात. आपल्या आईला आपल्याच वाक्यात कर्म करून ठेवतात. ही केवळ व्याकरणाची चूक नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःच्या घराकडे पाहण्याची ती सवय आहे, आणि ती मोडणे हे दलित साहित्याचे पहिल्यापासूनचे काम आहे. आत्मकथनांनी ते एकदा केले. नव्या भाषेपुढे ते पुन्हा करावे लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो कोणी या विषयावर लिहील, त्याने कष्टकऱ्याला वाक्याच्या आरंभी आणावे. तिची जात, तिचा दर, तिचे तास, तिने केलेला संप, तिने केलेली सही हे सारे लिहावे. संस्थापकांचे, कार्यकर्त्यांचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने यांच्यासारख्या कार्यकर्त्यांशिवाय पुण्याचे काम उभे राहिले नसते. पण सोबतीला उभे राहणारा आणि चालणारा यांतला फरक पुसू नये. समीक्षकाने अशा लेखनाला विचारावे, की यातला नफा, निर्णय आणि नकार यांपैकी कष्टकऱ्याच्या वाट्याला काय आले? ज्या उद्योगात तिला ‘नाही’ म्हणता येते, त्यालाच सामाजिक म्हणावे. ज्यात तिला फक्त धन्यवाद म्हणता येतात, तो कितीही हरित असो, कितीही जागतिक असो, त्याला आपल्याकडे जुने नाव आहे. त्याला बलुतं म्हणतात.